उतावीळ प्रेम आणि अपक्व प्रेम : ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’चा पुनर्विचार

‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ या नाटकासंबंधी एक विधान इतक्या सहजतेने केले जाते की, ते तपासून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. नायक-नायिका वयाने कोवळी आहेत; त्यांचे प्रेम प्रथमदर्शनी जडलेले आहे; ओळख, प्रीती, विवाह आणि मृत्यू हे सारे पाच दिवसांच्या आत आटोपते; तेव्हा तारुण्यातील उतावीळपणा हा त्यांचा प्रमाद आणि अपक्व प्रेम हे त्यांच्या नाशाचे कारण, असे ते विधान होय. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते शोभूनही दिसते. कारण त्यायोगे ॲरिस्टॉटलच्या प्रमादकल्पनेशी नाटकाची सांगड विनासायास घालता येते.

हे विधान सर्वस्वी खोटे आहे असे नाही. ज्या घाईचा त्यात निर्देश आहे ती नाटकात पदोपदी आढळते, आणि ती नाकारणाऱ्या समीक्षकाला संहितेकडे पाठ फिरवूनच बोलावे लागेल. अडचण निराळी आहे. या विधानात दोन भिन्न गोष्टी एकच मानल्या गेल्या आहेत. उतावीळपणाचा संबंध काळाशी आहे. एखादी गोष्ट किती अवधीत घडली, एवढेच तो सांगतो. अपक्वतेचा संबंध भावनेच्या स्वरूपाशी आहे. ज्याच्यावर प्रेम करावयाचे ते माणूस प्रेम करणाऱ्याला खरोखर दिसते की नाही, हा तेथे प्रश्न असतो. सावकाश पोसलेले प्रेमही अपक्व राहू शकते, आणि क्षणात जडलेले प्रेम पक्वतेच्या वाटेला लागू शकते. हा भेद शेक्सपिअरने नुसता जाणला होता असे नव्हे, तर नाटकाची उभारणीच त्याने त्यावर केली आहे. संहिता आणि तिचे मूळ साधन यांचा ताळा घेतला असता ते स्पष्ट होते.

कथा शेक्सपिअरची स्वतःची नाही. इटलीत मासूच्चो सालेर्नितानो (१४७६), लुईजी दा पोर्तो आणि माट्टेओ बान्देल्लो (१५५४) यांच्या हातून ती घडत गेली. १५५९ मध्ये ब्वास्त्युओने ती फ्रेंचमध्ये नेली. आणि त्या फ्रेंच कथेवरून आर्थर ब्रूक याने १५६२ मध्ये तीन हजारांवर ओळींचे इंग्रजी कथाकाव्य रचले. शेक्सपिअरचे मुख्य साधन ते हेच. ब्रूकने वाचकांस उद्देशून लिहिलेली प्रस्तावना कठोर आहे. अनुचित वासनेच्या आहारी जाऊन वडीलधाऱ्यांचा अधिकार आणि सल्ला झुगारणाऱ्या प्रेमिकांचा शेवट कसा होतो, हे दाखविण्यासाठी आपण ही कथा सांगत आहोत, असा तिचा रोख आहे. गंमत अशी की, प्रत्यक्ष काव्यात शिरल्यावर ब्रूक ही प्रतिज्ञा विसरतो आणि प्रेमिकांविषयी सहानुभूतीने लिहू लागतो. प्रस्तावनेतील नीतिवेत्ता आणि काव्यातील कथेकरी यांची गाठ त्याच्या पुस्तकात पडतच नाही.

शेक्सपिअरने या साधनात जे फेरफार केले त्यांतील तीन येथे महत्त्वाचे आहेत. ब्रूकची ज्यूलिएट सोळाच्या उंबरठ्यावर आहे. विल्यम पेंटरच्या १५६७ मधील गद्य कथेत ती अठराच्या जवळ पोहोचते. शेक्सपिअरने तिला चौदाही पुरी होऊ दिली नाहीत. ब्रूकच्या काव्यातील घटना नाताळच्या सुमारास सुरू होऊन कित्येक महिने चालतात, आणि गुप्त विवाहानंतर त्या दोघांना महिना-दोन महिन्यांचा सहवास लाभतो; शेक्सपिअरच्या नाटकात रविवारी सकाळी रस्त्यावर दंगल होते, सोमवारी दुपारी विवाह लागतो, आणि गुरुवारी पहाटे थडग्यात तीन प्रेते पडलेली असतात. पतिपत्नींना एकच रात्र मिळते. तिसरा फेरफार म्हणजे प्रस्तावनेतील दूषणाची हकालपट्टी. नाटकाच्या आरंभीच्या सुनीतात दोन घराण्यांचे वैर येते, ग्रहांची प्रतिकूलता येते. प्रेमिकांच्या अविवेकाविषयी तेथे अवाक्षर नाही.

या तिहींचा एकत्र विचार केला पाहिजे. नाटककाराला बोधकथाच सांगावयाची असती, तर त्याने वय कमी केल्यावर आणि काळ आवळल्यावर दूषण अधिक तीव्र केले असते. त्याने घाई वाढविली आणि दोष काढून घेतला. घाई हा ज्या नाटकात प्रेमिकांचा गुन्हा असेल, त्या नाटकाचा कर्ता असे करणार नाही.

वयाच्या मुद्द्यावर थोडे थांबणे अवश्य आहे. कारण मराठी वाचकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे. एलिझाबेथकालीन इंग्लंडात मुलींची लग्ने तेराव्या वर्षी होत असत, अशी समजूत पुष्कळ दिवस प्रचलित होती, आणि तिला आधार म्हणून याच नाटकाचा दाखला दिला जाई. पीटर लॅस्लेट यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विवाहनोंदींच्या आधारे ही समजूत खोडून काढली. सामान्य कुटुंबांत वधूचे सरासरी वय चोविसाच्या आसपास होते; सरदारघराण्यांत ते कमी असे, पण तेथेही तेरा वर्षे हा नियम नव्हता. म्हणजे ज्यूलिएटचे वय ऐकून लंडनचा प्रेक्षक चमकत असला पाहिजे, आणि तो चमकावा अशीच योजना आहे. पहिल्या अंकात तिच्या वयाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, आणि तिची दाई तर तिचा जन्मदिवस रात्रीच्या प्रहरासकट सांगते. याच्या उलट, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात उठलेले वादळ, १८९९ मधील देवलांचे ‘शारदा’ नाटक आणि मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घालणारा १९२९ चा सारडा कायदा ज्याच्या स्मरणात आहे, त्या मराठी वाचकाला तेरा वर्षांच्या वधूत नवल वाटत नाही. लॉर्ड कॅप्युलेटची घाई त्याला रीतीप्रमाणे वाटते आणि ज्यूलिएटची घाई तेवढी खटकते. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला बहुधा दोन्ही खटकल्या असाव्यात. (नाटक १५९५ च्या सुमाराचे, शेक्सपिअरची थोरली मुलगी सुझाना १५८३ मध्ये जन्मलेली. या योगायोगावर कोणताही इमला रचू नये. पण तेरा वर्षांची मुलगी म्हणजे काय, हे नाटककाराला घरात पाहावयास मिळत होते, एवढे खरे.)

आता अपक्व प्रेमाकडे वळावे. ते नाटकात आहे, आणि त्याला नावही आहे : रोझलाइन. ही रोझलाइन रंगभूमीवर एकदाही येत नाही. तिच्यासाठी रोमिओ रात्री जागतो, दिवसा खिडक्या लावून कृत्रिम अंधार करून बसतो, पहाटे झाडीत एकटा हिंडतो. हे आजचे नाही, बऱ्याच दिवसांचे आहे. आई-बाप चिंतेत पडावेत इतके जुने आहे. त्याची भाषा विरोधाभासांनी खच्चून भरली आहे; थंड आग, निरोगी आजार अशी जोडशब्दांची आतषबाजी तो उडवितो, आणि त्या आतषबाजीच्या मध्येच जेवायला कोठे जावयाचे म्हणून चुलतभावाला विचारतो. ही एक पृच्छा त्या साऱ्या विरहाचे मोल ठरविण्यास पुरेशी आहे. रोझलाइन कशी आहे, काय बोलते, कशाने हसते, याचा त्याच्या बोलण्यात मागमूस नाही. ती सुंदर आहे आणि वश होत नाही, एवढेच कळते. या प्रेमाला घाई नाही. ते सवडीने, जवळजवळ निगुतीने पोसलेले आहे, आणि तरीही ते अपक्व आहे. कारण त्यात दुसरे माणूसच नाही.

कॅप्युलेटच्या मेजवानीत रोमिओ आणि ज्यूलिएट प्रथम बोलतात तेव्हा त्या दोघांच्या संभाषणातून चौदा ओळींचे एक पूर्ण सुनीत सिद्ध होते, ही गोष्ट अभ्यासकांनी वारंवार दाखविली आहे. परंतु तिचा अर्थ केवळ काव्यसौंदर्यापुरता नाही. पहिले कडवे त्याचे आहे. यात्रेकरू आणि मूर्ती यांचे रूपक तो मांडतो. दुसरे कडवे तिचे आहे, आणि ती ते रूपक नुसते स्वीकारीत नाही. त्याच्या हातातून काढून घेते, उलटविते आणि परत करते. रोझलाइनविषयी बोलताना रोमिओच्या उपमांना उत्तर देणारे कोणी नव्हते. येथे प्रथमच त्याच्या भाषेला समोरून भाषा भेटते. ओळख क्षणाची आहे; पण त्या क्षणात दुसरे माणूस हजर आहे.

बागेतील प्रवेश हा उतावीळ प्रेमाचा आदर्श म्हणून सांगितला जातो. तो नीट वाचला तर निराळेच दिसते. रोमिओ नक्षत्रांविषयी, देवदूतांविषयी, तिच्या हाताच्या मोज्याविषयी बोलत असतो. ज्यूलिएट प्रश्न विचारीत असते. इथवर कसा आलास, भिंत उंच आहे, कोणी पाहिले तर जीव घेतील, वाट कोणी दाखविली? तो चंद्राची शपथ घेऊ लागतो तेव्हा ती त्याला अडविते. रोज कलेकलेने बदलणाऱ्याची शपथ तिला नको आहे. आपण लवकर वश झालो असे त्याला वाटत असेल तर रीतीप्रमाणे भुवया चढवून नाही म्हणावयास आपण तयार आहोत, असेही ती सांगते. त्यात थट्टा आहे, पण सामाजिक नाटकीपणाची नेमकी जाणही आहे. आणि या साऱ्या व्यवहाराला घाई फार झाली, तो विचारावाचून झाला, वीज चमकून जावी तसा झाला, हे सबंध नाटकात सर्वांत स्पष्टपणे कोणी म्हणत असेल तर ती ज्यूलिएटच. समीक्षक तिच्यावर जो आरोप ठेवतात तो तिने स्वतःच आधी ठेवलेला आहे. त्यानंतर पाच-पंचवीस ओळींत विवाहाचा प्रस्ताव, निरोप्या आणि दुसऱ्या दिवशीची नऊची वेळ हे सर्व ती ठरवून टाकते. घाईचे भान आणि घाई यांचे असे एकत्र नांदणे हे अविचाराचे लक्षण म्हणता येत नाही. ज्या मुलीला उद्या काय होईल हे ठरविण्याचा अधिकार नाही, तिच्यापाशी सावकाशीसाठी वेळ नसतो. तिला तो किती थोडा आहे, हे अद्याप कळलेले नाही. प्रेक्षकाला मात्र काउंट पॅरिसची मागणी आधीच ऐकू आलेली असते.

याचा अर्थ ज्यूलिएट मूल नाही असा नव्हे. दाई निरोप घेऊन परत येईपर्यंत तिचा जो जीव वरखाली होतो, म्हाताऱ्या माणसांच्या जडपणावर ती जी चिडते, ते सारे निखळ पोरवय आहे. विवाहाच्या रात्रीची वाट पाहतानाही तिला जी उपमा सुचते ती सणाच्या आदल्या रात्री नवे कपडे हाती असून अंगावर घालता न येणाऱ्या मुलाची. शेक्सपिअर तिचे वय लपवीत नाही. अवघ्या एका दिवसात ते वय मागे कसे पडते, हे तो दाखवितो.

दोष घाईचाच शोधावयाचा असेल, तर तो वडीलधाऱ्यांत शोधणे अधिक फलदायी ठरेल. पहिल्याच प्रवेशात नोकरांची बाचाबाची ऐकून म्हातारा कॅप्युलेट रात्रीच्या झग्यात धावत येतो आणि तलवार मागतो. तलवार नव्हे, कुबडी मागा, असे त्याची बायको त्याला ऐकविते. हाच गृहस्थ पॅरिसला आरंभी उत्तम सल्ला देतो : मुलगी लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या, तिचे मन जिंका, माझी संमती तिच्या संमतीच्या मागून. असा शहाणा बाप या नाटकात सोमवारी रात्रीपर्यंतच टिकतो. टिबल्ट मरतो, घरात सुतक असते, आणि त्या रात्री कॅप्युलेट मुलीला न विचारता गुरुवारचा मुहूर्त देऊन मोकळा होतो. मंगळवारी तो मुहूर्त आणखी एक दिवस अलीकडे ओढून बुधवार करतो. मुलीने नकार देताच घरातून हाकलण्याची, फरपटत नेण्याची भाषा सुरू होते. बुधवार ठरला नसता तर औषध एक रात्र उशिरा घेतले गेले असते, आणि साधू लॉरेन्सच्या पत्राला मँच्युआला पोहोचण्यास दुसरी वाट सापडली असती. पॅरिसचे स्थळ हे विचारपूर्वक, रीतसर जुळविलेले स्थळ होय, असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढेच पाहावे की, वर आणि वधू यांना एकमेकांशी बोलताना प्रेक्षक एकदाच पाहतो, चौथ्या अंकाच्या आरंभी, आणि तोपर्यंत लग्न दोन दिवसांवर येऊन ठेपलेले असते.

साधू लॉरेन्सचे प्रकरण अधिक नाजूक आहे. सावकाशीचा उपदेश त्याच्याइतका कोणीच करीत नाही. घाईने धावणारे ठेचकाळतात, हे त्याचे तत्त्वज्ञान आहे, आणि रोमिओला तो रोझलाइनवरून जे खडसावतो ते योग्यच आहे. तरुणांचे प्रेम हृदयात नसून डोळ्यांत असते, हा त्याचा टोमणा रोमिओच्या कालपर्यंतच्या प्रेमाला तंतोतंत लागू पडतो. पण त्याच प्रवेशात, त्याच सकाळी, तो विवाह लावून देण्यास संमती देतो. कारण या लग्नाने दोन घराण्यांचे वैर मिटेल असे त्याला वाटते. हा हेतू उदात्त खरा, पण पिढ्यांचे वैर एका गुप्त विधीने विरघळेल ही कल्पना रोमिओच्या कोणत्याही कल्पनेपेक्षा कमी पोरकट नाही. आणि अखेरच्या प्रवेशात, जेव्हा थडग्यात थांबणे एवढे एकच काम त्याच्याकडून अपेक्षित असते, तेव्हा पहारेकऱ्यांची चाहूल लागताच सावकाशीचा हा उपदेशक पळून जातो. ज्यूलिएट एकटी राहते.

फ्रँकलिन डिकी यांनी १९५७ मधील आपल्या ग्रंथात एलिझाबेथकालीन नीतिविचाराच्या आधारे या नाटकाचा नैतिक अन्वयार्थ लावला, आणि अनावर वासना व तिच्यामागून येणारा दंड हे सूत्र त्यात पाहिले. या अर्थाला संहितेत मुळीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. एच्. बी. चार्लटन यांनी याच्या उलट टोकाने जाऊन या नाटकास शोकात्मिकेचा एक प्रयोग मानले, आणि नाश दैवाने व वैराने होत असल्यामुळे तो प्रयोग पुरता साधला नाही, असा निर्णय दिला. ब्रॅड्ली यांनी १९०४ मध्ये ज्या चार शोकात्मिकांवर आपली व्याख्याने उभारली त्यांत हे नाटक नाहीच. या सर्वांपूर्वी हॅझ्लिटने १८१७ मध्ये केलेले निरीक्षण अधिक मर्मग्राही वाटते. या दोघांचे प्रेम भोगलेल्या सुखावर नव्हे, तर न भोगलेल्या सुखाच्या अपेक्षेवर उभे आहे, असे तो म्हणतो. आणि हे तारुण्याचे वैगुण्य नसून तारुण्याची खरी ओळख आहे, असा त्याच्या विवेचनाचा कल आहे. मात्र हॅझ्लिट दोघांना एकाच मापाने मोजतो. नाटक तसे मोजत नाही.

रोमिओचा खरा उतावीळपणा कोठे आहे, हे या ठिकाणी पाहावे. विवाह लागून एक तासही झालेला नसतो तेव्हा टिबल्ट त्याला आव्हान देतो, आणि रोमिओ ते नाकारतो. या नाटकातील त्याचे हे सर्वांत प्रौढ कृत्य. मर्क्युशिओला ते भेकडपणाचे वाटते. तो तलवार उपसतो. रोमिओ मध्ये पडतो, आणि त्याच्याच हाताखालून मर्क्युशिओला जखम होते. त्यानंतर रोमिओच्या तोंडून जे उद्गार निघतात ते निर्णायक आहेत. ज्यूलिएटच्या सौंदर्याने आपल्याला बायकी केले, आपल्या शौर्याचे पोलाद मऊ केले, असे तो म्हणतो आणि टिबल्टवर तुटून पडतो. म्हणजे ज्या एका अविचाराने सारी कथा सुखान्तापासून दूर लोटली जाते, तो अविचार प्रेमातून आलेला नाही. प्रेमाची लाज वाटल्यामुळे आलेला आहे. जुन्या पुरुषी अब्रूने त्या क्षणी त्याला परत ओढून नेले. उतावीळ प्रेमाने नाश झाला असे म्हणताना हा प्रवेश विसरला जातो, ही आश्चर्याची गोष्ट आहे. कारण तो नाटकाच्या बरोबर मध्यावर आहे.

पुढील दोन प्रवेश शेक्सपिअरने एकमेकांसमोर आरशासारखे ठेवले आहेत. टिबल्टच्या वधाची वार्ता ज्यूलिएटला दाईकडून कळते. प्रथम ती रोमिओला दूषणे देते, आणि ती दूषणे विरोधाभासी जोडशब्दांत येतात. म्हणजे रोझलाइनच्या संदर्भात रोमिओने जी भाषा वापरली होती तीच येथे परत येते. पण तेथे ती भाषा चैनीची होती. येथे तिला कारण आहे. आणि ती फार वेळ टिकत नाही. दाईने रोमिओला शिव्याशाप देताच ज्यूलिएट थबकते आणि विचार करू लागते : त्या भावाला ठार केले नसते तर त्याने नवऱ्याला ठार केले असते, मग रडावयाचे कशासाठी? मोजक्या ओळींत ती अलंकाराकडून तर्काकडे येते. लगेच पुढच्या प्रवेशात रोमिओ लॉरेन्सच्या कुटीत जमिनीवर लोळतो आहे, केस उपटतो आहे, स्वतःवर सुरा उगारतो आहे. हद्दपारी ही मृत्यूपेक्षा भयंकर, एवढा एकच विषय तो निरनिराळ्या रीतीने घोळतो. दोघांवर कोसळलेले संकट एकच, आणि घटकाही जवळजवळ एकच. पण दोघे आता एका वयाची राहिलेली नाहीत. धाकटी पुढे गेली आहे.

ती आणखी पुढे जाते. आई-बापांनी टाकल्यावर दाईने पॅरिसशी लग्न करण्याचा व्यवहारी सल्ला दिला, तेव्हा ज्यूलिएट तिच्याशी वाद घालीत नाही. समाधान झाल्याचे दाखविते आणि तिला मनातून कायमची वजा करते. औषध घेण्यापूर्वीचे तिचे स्वगत उतावीळपणाच्या सिद्धान्ताला मुळीच मानवत नाही. औषध काम करणार नाही तर? आपले बिंग फुटू नये म्हणून साधूने विषच दिले असेल तर? रोमिओच्या आधी जाग आली तर? त्या कोंदट तळघरात पूर्वजांच्या हाडांमध्ये वेड लागले तर? ती प्रत्येक शक्यता उलगडून पाहते, साधूविषयीचा संशय तपासून बाजूला ठेवते, भीतीने जवळजवळ भ्रमिष्ट होते, आणि मग पिते. (औषधाचा अंमल बेचाळीस तास राहील असे लॉरेन्स सांगतो, मंगळवारच्या रात्रीपासून मोजले तर हा हिशेब गुरुवारच्या पहाटेशी जुळत नाही. नाटकाला घड्याळ लावणाऱ्यांनी यावर पुष्कळ शाई खर्चिली आहे. रंगभूमीवर तो प्रश्न कोणाला पडत नाही.)

येथे ‘शाकुंतला’चे स्मरण होणे भारतीय वाचकाला अटळ आहे. दुष्यंत-शकुंतलेचा गांधर्वविवाहही घाईचाच, वडीलधाऱ्यांच्या अपरोक्ष लागलेला. पाचव्या अंकात शार्ङ्गरव अशा एकांतातील, परीक्षा न करता केलेल्या संगतीला कडक शब्दांत दोष देतो. म्हणजे कालिदासाने तो आरोप संहितेतच नोंदविला आहे. परंतु त्यानंतर तो आपल्या प्रेमिकांना वर्षे देतो. दुर्वासाचा शाप, विस्मरण, पश्चात्ताप, मुलाचे वाढणे, मारीचाच्या आश्रमातील पुनर्मीलन. फुलाचे फळ होण्यास जो अवधी लागतो तो सारा नाटकात सामावला आहे, आणि गटेच्या उद्गाराला धरून रवींद्रनाथांनी आपल्या निबंधात याच परिणतीचा महिमा गायिला. शेक्सपिअरने हा अवधी जाणूनबुजून नाकारला. ब्रूकने दिलेले महिनेसुद्धा त्याने काढून घेतले. ज्याला पिकण्यास ऋतू लागतात ते त्याने एका रात्रीत आणि दोन दिवसांत पिकावयास लावले. ते ज्यूलिएटमध्ये पिकले आणि रोमिओमध्ये अर्धेच पिकले, ही या शोकात्मिकेतील सर्वांत वेदनादायक विषमता होय.

‘अर्धेच’ म्हणण्याचे कारण पाचवा अंक. मँच्युआत ज्यूलिएटच्या मृत्यूची बातमी ऐकून रोमिओ रडत नाही, लोळत नाही. दोन वाक्यांत ग्रहांना धुडकावून तो कागद, शाई आणि घोडे मागवितो. भाषेतील सारा फापटपसारा गळून गेला आहे. औषधविक्याला चाळीस ड्यूकट देताना, आपण दिलेले सोने हेच अधिक जहाल विष आहे असे तो म्हणतो. तो आवाज चार दिवसांपूर्वीच्या मुलाचा नाही. थडग्यापाशी अडविणाऱ्या पॅरिसला तो वडीलकीने समजावितो, जा म्हणून विनवितो, आणि त्याला मारावे लागल्यावर त्याचा देह आत नेऊन ठेवतो. टिबल्टच्या प्रेताची तो क्षमा मागतो. हे सर्व प्रौढत्व खरे आहे. पण ती कशाने मेली, हे त्याने नोकराला विचारलेले नाही. साधूचे पत्र आहे काय, असे त्याने दोनदा विचारले. नाही म्हणताच पत्र का आले नाही याचा विचार केला नाही. आणि थडग्यात, तिच्या ओठांवर आणि गालांवर अजून लाली आहे, मृत्यूने तिला जिंकलेले दिसत नाही, हे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि विष पितो. पुरावा समोर होता आणि तो त्याने वाचलाही होता. त्यावर थांबला नाही. या एका ठिकाणी उतावीळपणाचा आरोप संपूर्ण सिद्ध होतो, आणि येथेही तो प्रेमाच्या अपक्वतेचा आरोप नव्हे.

उत्तरकालीन रंगभूमीला हे सोसले नाही. ऑट्वेने १६७९ मध्ये ही कथा रोमन पोशाखात सादर करताना नायिकेला नायक मरण्यापूर्वी जागे केले, आणि डेव्हिड गॅरिकने १७४८ मध्ये थडग्यातील अखेरचा संवाद आपल्या रंगावृत्तीत घातला. तो संवाद पुढे दीर्घकाळ लोकप्रिय राहिला. गॅरिकने ज्यूलिएटचे वय अठरापर्यंत वाढविले. पुढे रोझलाइनचे प्रकरणही गाळले. म्हणजे वय, अपक्व प्रेम आणि घाईची शिक्षा या तिन्ही गोष्टी त्याने सुधारून घेतल्या. नाटककाराने त्या का ठेवल्या होत्या, याचे उत्तर या सुधारलेल्या आवृत्तीतून जितके स्पष्ट मिळते तितके पुष्कळशा टीकाग्रंथांतूनही मिळत नाही. रोझलाइन गेली की रोमिओ पहिल्यापासूनच निष्ठावंत प्रेमी ठरतो आणि त्याच्यात घडलेला बदल दिसेनासा होतो. अठरा वर्षे झाली की ज्यूलिएटची वाढ डोळ्यांत भरत नाही. आणि संवाद मिळाला की ते थोडेसे क्षण, जे रोमिओने थांबावयास हवे होते, त्यांची बोच नाहीशी होते.

शेवटच्या प्रवेशात राजा एस्कलस स्वतःलाही दोष देतो. वैराकडे डोळेझाक केल्यामुळे आपलेही दोन आप्त गेले, हे तो मान्य करतो. दोघे बाप हात मिळवितात. कॅप्युलेट तो हात मुलीसाठीची देणगी म्हणून मागतो. माँटेग्यू त्याहून अधिक देऊ करतो, ज्यूलिएटचा सोन्याचा पुतळा. कॅप्युलेट तितक्याच मोलाचा रोमिओचा पुतळा लगेच कबूल करतो. सूर्य अजून उगवलेला नाही आणि बोली लागली आहे. लॅमसच्या आदल्या रात्री, म्हणजे जुलैच्या अखेरीस, ज्यूलिएटला चौदावे वर्ष पुरे झाले असते. नाटक सुरू झाले त्या रविवारी त्या रात्रीला पंधरवड्याहून थोडे अधिक दिवस उरले होते. ही तारीख ज्या एका पात्राने पहिल्या अंकात इतक्या हौसेने सांगितली होती ती दाई या प्रवेशात नाही, आणि जे हजर आहेत त्यांच्यापैकी कोणालाही ती आठवत नाही.